जुन्या ट्रकची खरी किंमत कशी काढावी: टाटा-मर्सिडीजच्या काळातल्या गाड्यांसाठी क्रमवार पद्धत

सॉ मिलच्या आवारात, बंद कारखान्याच्या शेडमध्ये किंवा गोठ्यामागे उभा असलेला पन्नास-साठ वर्षांचा ट्रक विकायचा किंवा वाटणीत धरायचा ठरला, की पहिला फोन जातो भंगारवाल्याला, नाहीतर पेंटरला. दोन्हीकडे नुकसानच होतं. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो आणि तोच आकडा घरच्यांच्या डोक्यात किंमत म्हणून बसतो. पेंटर गाडी चकाचक करतो आणि त्या रंगाखाली गाडीची ओळख सांगणाऱ्या खुणा बुजतात.

इथे उदाहरण घेतलं आहे १९५४ ते १९६९ या काळातल्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं, म्हणजे टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून जमशेदपूरला तयार झालेल्या गाड्यांचं. कुर्ल्याच्या प्रीमियरचे फार्गो आणि डॉज, हिंदुस्थान बेडफोर्ड, लेलँड कॉमेट, लष्करातून निघालेला शक्तिमान यांनाही हाच क्रम लागू पडतो. नंबर आणि मापं तेवढी बदलतात.

क्रम मोडू नका. आधी फोटो, मग कागद, मग नंबर, मग मूळपणा, मग यंत्र, आणि पैशांचा हिशेब सगळ्यात शेवटी.

तयारी: हाताशी काय हवं

चांगला टॉर्च, मोजपट्टी, दोरी, खडू, पातळ कागद, मऊ पेन्सिल, रॉकेल, सुती फडकी, लोहचुंबक, लाकूड टोचून बघायला पातळ स्क्रू-ड्रायव्हर आणि एक वही. जुन्या डिझेल गाड्यांवर काम केलेला मिस्त्री पाचव्या पायरीला लागेल. चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढी जागा मोकळी करून घ्या. त्या साफसफाईत गाडीशेजारी पडलेलं काहीही फेकू नका. हेडलाइटची रिंग, बॉनेटची कडी, मीटरचा डबा असल्या वस्तू नेमक्या अशाच ढिगाऱ्यात सापडतात.

१. धुण्याआधी फोटो

गाडी आहे तशी टिपा. चारही बाजू, केबिनचं आतलं अंग, डॅशबोर्ड, इंजिनाच्या दोन्ही बाजू, चेसिसची खालची बाजू, प्रत्येक चाक, प्रत्येक पाटी आणि रंगवलेलं प्रत्येक अक्षर. दरवाज्यावरचं मालकाचं नाव, गाव, परमिटचा मजकूर, बॉडी बांधणाऱ्याची पाटी हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

*इशारा:* प्रेशर पंपाने धुऊ नका. जुना हाती लिहिलेला रंग पापुद्र्यांनी निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. कोरड्या फडक्याने धूळ झटका, तेवढं पुरे.

२. कागद: निम्मी किंमत इथे ठरते

दोन अगदी सारख्या गाड्यांपैकी एकीचं आरसी बुक हातात असेल आणि दुसरीचं नसेल, तर त्यांचे ग्राहकही वेगळे असतात. कागदवाली गाडी संग्राहकाकडे जाऊ शकते. बिनकागदाची गाडी फार तर हॉटेलच्या दारात शोभेला किंवा सुट्या भागांसाठी जाते.

हे पाहा:

- आरसी बुक मूळ आहे की दुय्यम. त्यातला चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचं वर्ष, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) वहीत उतरवा. पुढे प्रत्येक आकडा लागणार आहे.
- नोंदणी क्रमांकाची पद्धत. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही रचना १९८९ नंतरची आहे, त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असत. १९६२ ची म्हणून सांगितलेल्या गाडीवर एमएच क्रमांक असेल, तर ती नंतर पुन्हा नोंदली गेली आहे. आधीचा क्रमांक आणि आधीचं बुक मागा.
- सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद दिसते का. जुन्या गाड्यांच्या नोंदी बऱ्याचदा संगणकावर चढलेल्याच नसतात. मग मूळ आरटीओत जाऊन रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. त्याचा वेळ आणि खर्च वहीत धरा.
- बोजा. बँकेचं किंवा फायनान्सचं नाव बुकात असेल तर कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ शिवाय ते उतरत नाही.
- थकीत कर. गाडी वापरात नाही हे आरटीओला वेळच्या वेळी कळवलेलं नसेल, तर उभ्या गाडीवरही कर आणि व्याज चढत राहतं. मालवाहू गाडीच्या बाबतीत ही थकबाकी भंगाराच्या किमतीलाही गिळू शकते.
- मालक हयात आहे का. नसेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ ने. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०.

*सर्रास होणारी चूक:* "पन्नास वर्षांवरची गाडी आहे, व्हीए मालिकेत टाकू, किंमत वाढेल." केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट आणली, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी ठरवली, हे खरं. पण त्या नियमातली व्याख्या दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकीपुरती आहे. माल वाहणारा ट्रक त्यात बसत नाही. व्हीए नोंदणीची आशा धरून किंमत सांगणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही पुढे त्रास होतो. ट्रकचं मूल्य मालवाहू वाहन म्हणूनच काढा. नोंदणी व पासिंग चालू आहे की संपलं, हे स्पष्ट लिहा.

३. नंबर: खडू, रॉकेल आणि पेन्सिल

चेसिस नंबर चौकटीच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो, बहुधा पुढच्या चाकाच्या आसपास. तिथे ग्रीस आणि मातीचा थर असणारच. रॉकेलात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा. अक्षरं दिसायला लागली की खडू घासा, वरचा पुसून टाका, खाचेतला राहू द्या. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीने आडवं घासून ठसा घ्या. आरटीओत हाच ठसा चालतो.

*इशारा:* ग्राइंडर, सँडपेपर किंवा ॲसिड इथे लावू नका. ठोकलेला नंबर उथळ असतो. एकदा पुसट झाला की गाडीवर नंबर खोडल्याचा संशय येतो आणि मग ती कुठल्याच किमतीला सरळ मार्गाने विकली जात नाही.

आता इंजिन. या गाड्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. १९५० च्या दशकातल्या एल ३१२ ट्रकला मूळ इंजिन ओएम ३१२: सहा सिलिंडर, ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ४,५८० सीसी. पुढे टाटाची ६९२ आणि ६९७ ही इंजिनं आली. नावातच ओळख आहे: ६ सिलिंडर आणि ९२ किंवा ९७ मिमी बोअर. त्यांची क्षमता अनुक्रमे ४,७८८ आणि ५,६७५ सीसी. स्पेअर पार्ट सहज मिळतात म्हणून हजारो मालकांनी जुनं इंजिन उतरवून ही बसवली. कामाच्या गाडीसाठी तो निर्णय योग्यच होता. मूल्यांकनात मात्र तो ठळकपणे लिहावा लागतो.

इंजिन नंबर आरसीशी जुळवा. ब्लॉकवरची ओतीव अक्षरं पाहा. हेड उघडलेलं असेल तर बोअर मोजा, पण नुसत्या बोअरवर निकाल देऊ नका. रिबोअर केलेल्या (आतून कापून मोठ्या केलेल्या) किंवा झिजलेल्या ९० मिमीच्या सिलिंडरचं माप ९२ च्या दिशेने सरकलेलं असतं.

*तपासा:* जाळीवर मर्सिडीजचा तारा आहे म्हणून गाडी १९६९ आधीची, असं धरू नका. सहकार्य संपल्यावरही हौसेने तारा लावलेल्या गाड्या रस्त्यावर होत्या. उलटही होतं: मूळ तारा काढून विकलेला असतो आणि गाडी मात्र अस्सल असते. १२१० हा बिल्लाही तसाच. पहिले दोन आकडे टनातलं एकूण वजन आणि पुढचे दोन अश्वशक्तीचा दहावा भाग, ही नावं ठेवण्याची पद्धत १९६० च्या दशकातली आहे. १९५५ ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर तो बिल्ला दिसला तर बॉनेट किंवा जाळी नंतरची आहे. काय आहे आणि कशावरून, हे दोन्ही लिहा.

४. मूळपणा: कंपनीचं काय आणि गावच्या मिस्त्रीचं काय

मोटारीचे जाणकार ट्रक बघायला आले की हमखास इथे चुकतात. लाकडी केबिन बघून ते म्हणतात, "ही मूळ नाही." पण आपल्याकडे ट्रक बहुतेक वेळा चेसिस आणि काऊल (केबिनशिवायचा पुढचा भाग) एवढाच विकला जाई. पुढचा दर्शनी भाग, बॉनेट, जाळी, मडगार्ड, डॅशबोर्ड, स्टिअरिंग कंपनीचं. केबिन, हौदा आणि फाळके स्थानिक बॉडीवाल्याने बांधलेले. त्यामुळे लाकडी केबिन हा दोष नाही. प्रश्न असा विचारायचा की ती त्याच काळातली आहे का.

काळातली केबिन ओळखायच्या खुणा: सागाचे किंवा तत्सम जड लाकडाचे खांब, त्यांवर खिळ्यांनी बसवलेला पत्रा, जुन्या धाटणीच्या पितळी किंवा लोखंडी कड्या, रंगाचे एकाखाली एक अनेक थर. वेल्डिंग केलेले चौकोनी पाइप, रबरी बीडिंगच्या मोठ्या काचा किंवा फायबरचं छत दिसलं तर केबिन नंतरची आहे.

प्रत्येक भागासमोर चारपैकी एक शेरा लिहा: मूळ, काळातला, नंतरचा, गायब. कमीत कमी या भागांची नोंद हवी: जाळी, तारा, बॉनेट व त्याच्या कड्या, दोन्ही मडगार्ड, हेडलाइटच्या रिंगा, डॅशबोर्डवरची मीटर, स्टिअरिंग चाक, कंपनीची पाटी, रेडिएटर, डिझेल पंप, स्टार्टर, डायनामो, चाकांच्या रिंगा, डिझेल टाकी, हौदा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर असेल तर तोही नंतरचा. लोहचुंबक मडगार्डवर फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पुटीचा जाड थर किंवा फायबर आहे.

जाळी, मीटर आणि पाटी या लहान वस्तू असल्या तरी त्या गायब असतील तर किंमत बरीच घसरते. गिअरबॉक्स जुन्या बाजारात मिळून जातो. त्या काळची न पिचकलेली जाळी शोधण्यात वर्ष जाऊ शकतं.

५. सांगाडा आणि यंत्र

चेसिस. दोन्ही लांब पट्ट्यांवर समोरासमोरचे रिव्हेट निवडा आणि पुढून मागे तिरपी दोरी लावून दोन्ही कर्ण मोजा. एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे, असं समजून पुढची तपासणी करा. व्हीलबेस मोजून आरसीशी जुळवा. जास्त माल भरण्यासाठी चेसिस लांबवण्याची पद्धत सर्रास होती, आणि तिथली वेल्डिंग किंवा जोडपट्टी खालून टॉर्चने दिसते. आडव्या पट्ट्या लांब पट्ट्यांना जिथे मिळतात तिथे दोन पत्र्यांमध्ये गंज फुगतो आणि रिव्हेट ताणले जातात. तो गंज घासून जात नाही, जोड उघडावाच लागतो.

लाकूड. खांबांच्या तळाला स्क्रू-ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर वाळवी. वरून रंग शाबूत असला तरी फसू नका.

इंजिन. चावी लावून बघायची घाई केलीत तर हेच इंजिन भंगार होईल. अनेक वर्षं उभ्या गाडीत रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात. क्रम असा:

१. ऑइलची कांडी काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. थांबा आणि तेवढंच नोंदवा.
२. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा.
३. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवून बघा. अडकलं तर उलट दिशेला थोडं, मग सुलट. लांब पाइप घालून जोर लावू नका.
४. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले तर "इंजिन मोकळं" असा शेरा लिहा. मूल्यांकनाला बहुधा एवढं पुरतं.
५. सुरू करायचंच असेल तर आधी टाकी, फिल्टर, नवं ऑइल, पाणी. डिझेल पंपाचा रॅक (इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी) मोकळा सरकतो हे पाहिल्याशिवाय अजिबात नाही. रॅक अडकलेला असेल तर इंजिन पळत सुटतं आणि चावीने थांबत नाही.

*इशारा:* वर्षानुवर्षं सपाट पडलेल्या टायरमध्ये हवा भरू नका. या ट्रकची चाकं लॉकरिंगची असतात, म्हणजे टायर एका सुट्या लोखंडी रिंगेने जागेवर धरलेला असतो. गंजलेली रिंग हवेच्या दाबाने उडते आणि माणूस मारते. चाकं जागेवर आहेत की नाहीत आणि टायरचं माप काय, एवढंच लिहा. हलवायची वेळ आली तर चाक उतरवून टायरवाल्याकडे, लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची.

६. तळ ठरवा: भंगाराची किंमत

आता पैसे. सगळ्यात खालचा आकडा आधी हवा, कारण त्याखाली कोणालाही गाडी द्यायची नाही. वजन अंदाजाने सांगू देऊ नका. आरसीतलं अनलेडन वेट ही पहिली खूण, काट्याची पावती हा पुरावा. गाडी ट्रेलरवर असेल तर भरलेला आणि रिकामा ट्रेलर असे दोन काटे करा.

त्यातून लोखंड नसलेलं वजन वजा करा. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू: काटा ४,१०० किलो. लाकूड ६००, टायर-ट्यूब ३५०, माती, काच, तेल १५० वजा. राहिलं ३,००० किलो. दर किलोला ३० रुपये धरला तर ९०,०००. गॅस कटिंग आणि वाहतूक १५,००० गेली, की तळ ७५,०००. दर रोज बदलतो, म्हणून त्या दिवसाचा दर तीन ठिकाणी विचारा आणि तारीख घाला. ब्लॉक बिडाचा आहे, रेडिएटर तांब्या-पितळेचा, बॅटरी शिशाची. यांचा दर वेगळा लावायला सांगा. सगळं एकाच लोखंडाच्या दरात टाकणं ही नेहमीची पद्धत आहे आणि तिच्यात तोटा विकणाऱ्याचाच.

नोंदणी शाबूत असेल तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातून मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटलाही (गाडी भंगारात जमा केल्याच्या दाखल्यालाही) मोल आहे. नवी गाडी नोंदवताना त्यावर मोटार वाहन करात सवलत मिळते, मालवाहू गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. नवा ट्रक घेणाऱ्या घराला हा आकडा मोठा पडू शकतो. मात्र एकदा गाडी तिथे दिली की ती संपली. म्हणून पुढच्या तीन पायऱ्या पुऱ्या केल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

७. सुट्या भागांची बेरीज

चौथ्या पायरीच्या यादीतल्या "मूळ" भागांना जुन्या बाजारात काय मिळेल ते लिहा, बेरीज करा, आणि ती निम्मी करा. सगळे भाग विकले जात नाहीत, आणि उरलेला सांगाडा पुन्हा भंगारातच जातो. बेरीज तशीच्या तशी किंमत म्हणून सांगणं चूक आहे. आणि ज्या गाडीचे नंबर, कागद आणि दर्शनी भाग शाबूत आहेत ती कृपया सुटी करू नका. अशा गाड्या फार थोड्या उरल्या आहेत.

८. तुलनेच्या किमती

जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तुलनेला झालेला व्यवहार लागतो. तो कळण्याच्या जागा: मुंबई-पुण्यातल्या व्हिंटेज गाड्यांच्या क्लबांचे सभासद, चित्रीकरणाला जुन्या गाड्या भाड्याने देणारे, ट्रकची दुरुस्ती केलेले बॉडीवाले. हरियाणात ताउरूला असलेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारखी संग्रहालयं मालवाहू गाड्याही मांडतात. त्यांच्याकडे किंमत विचारायला जाऊ नका, पुरी झालेली गाडी कशी दिसते ते बघायला जा.

प्रत्येक तुलनेसाठी पाच गोष्टी लिहा: मॉडेल, इंजिन मूळ का, कागद कसे, अवस्था, व्यवहाराचं वर्ष. पाचपैकी तीन जुळत नसतील तर ती तुलना टाकून द्या.

*तीन चुका:* जर्मनीत विकल्या गेलेल्या मर्सिडीज ट्रकचे युरो रुपयांत करणं. जुन्या मोटारींच्या किमती ट्रकला लावणं, कारण ट्रक ठेवायला जागाच इतकी लागते की ग्राहक मुळातच कमी. आणि हिशेबाच्या वहीतली घसारा वजा जाता उरलेली रक्कम किंमत म्हणून धरणं. वहीत शून्य असलेली गाडी लाखांत जाऊ शकते.

९. वजाबाकी

पुऱ्या झालेल्या सारख्या गाडीच्या व्यवहारातून सुरुवात करा आणि खाली या. पुन्हा निव्वळ उदाहरणाचे आकडे: तुलनेची गाडी १२ लाखांना गेली. आपल्या गाडीला तशी करायला ७ लाख. अनपेक्षित कामांसाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. कर, वारस नोंद, बोजा मिळून ६० हजार. लो-बेडचं (गाडी वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचं) भाडं ४० हजार. राहिले २ लाख ६० हजार. म्हणजे आजच्या अवस्थेत गाडी ७५ हजार आणि २ लाख ६० हजार यांच्या दरम्यान. कागद पुरे आणि इंजिन मूळ असेल तर वरच्या टोकाजवळ, बोजा आणि बदललेलं इंजिन असेल तर खालच्या.

उत्तर तळाच्याही खाली आलं तर दचकू नका, बऱ्याचदा येतं. याचा अर्थ ती गाडी नवीन करून विकण्यात पैसा नाही. चित्रीकरणाला किंवा शोभेला जशी आहे तशी घेणारा ग्राहक शोधा. त्याला गंजाचा रंगही चालतो.

दुरुस्तीवर आधीच झालेला खर्च किमतीत मिळवू नका. तीन लाखांच्या रंगकामाने गाडी तीन लाखांनी महाग होत नाही. चुकीचा रंग लागला असेल तर तो काढण्याचाच खर्च येतो.

१०. लेखी टिपण

एका पानावर: तारीख, मूल्यांकनाचा हेतू, नंबरांचे ठसे, कागदांची स्थिती, भागांची यादी शेऱ्यांसह, काट्याची पावती, तुलना, आणि एक आकडा न लिहिता खालची व वरची किंमत. हेतू लिहायलाच हवा. विक्री, वाटणी आणि विमा यांचे आकडे एकच नसतात. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, तिथे हे टिपण आणि फोटो थेट उपयोगी पडतात. कोर्टात किंवा बँकेत लागणार असेल तर घरचं टिपण चालणार नाही. यंत्रसामग्री वर्गातल्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराची सही घ्या, आणि त्याला हेच टिपण आधी वाचायला द्या.

भंगाराचा दर आणि थकीत कर बदलत राहतात. म्हणून सहा महिन्यांनी व्यवहार होणार असेल तर सहावी आणि नववी पायरी नव्या आकड्यांनी पुन्हा करा. बाकीच्या आठ पायऱ्यांना तोवर हात लावायची गरज नाही, गाडी कोरड्या जागी उभी असेल तर.